अब्बांच्या टेबलावरचा कागद

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाडी गावच्या बाजारात भाजी घेत होतो. गोदामाच्या रस्त्यावर ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं होतं... भाजी घेऊन घरी आलो आणि निवडत बसलो. रडू नंतर आलं. आता काही आठवडे झाले, आणि उरला आहे तो नुसता थकवा.

भिवंडीच्या कॉलेजात सलीम आणि मी एका बाकावर बसायचो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मला पुस्तकं त्याने दिली आणि धीरही त्यानेच. त्याच्या वडिलांचे, अब्बांचे, कापड विणायचे लूम होते. शेजारच्या रिकाम्या खोलीत सलीमचा पंक बँड वाजायचा, म्हणजे दोन गिटार, एक ड्रम आणि जीव तोडून ओरडणं. पहिला कार्यक्रम शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला ठेवला आणि साऱ्या मोहल्ल्याच्या शिव्या खाल्ल्या. मग चालू शिफ्टमध्ये, लूमच्या खडखडाटाआडच वाजवायचं ठरलं. भिंतीवर पोस्टर नाही; आमंत्रण हातोहात द्यायच्या कागदावर. कापडाच्या जुन्या लेबलांची कात्रणं खळीने चिकटवायची, त्यावर माझं अक्षर, मग झेरॉक्स. "नऱ्या, ही काय लग्नपत्रिका आहे? बिघडव जरा!" तो म्हणायचा.

पहिली प्रत तो अब्बांच्या टेबलावर ठेवायचा. लूमपाशी आयुष्य काढून अब्बांचे कान गेले होते. ते ओठ बघून बोलणं ओळखत. एकदा ते खरंच आले, दाराशी उभे राहिले आणि पहिलं गाणं संपायच्या आत निघून गेले. "लाज वाटली असेल त्यांना माझी," सलीम म्हणाला. त्यानंतर त्याने त्यांच्यासाठी कागद ठेवला नाही.

परवा भेटायला गेलो तर अब्बा बँडच्या त्याच खोलीत बसले होते. म्हणाले, "नरेश, त्याने मला कागद देणं का बंद केलं रे?"

मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "तुम्ही निघून गेलात म्हणून, चाचा."

"अरे, ते माइक त्याने तोंडासमोर धरलेलं. ओठच दिसत न्हवते. मला कळणार काय, डोंबल? म्हटलं, पुढच्या वेळी पुढे जाऊन बसू, बाजूने दिसंल... तर कागदच आला न्हाय."

कोपऱ्यात कात्री, वाळलेली खळ आणि अर्धवट चिकटवलेला एक कागद तसाच पडून होता. अब्बांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"काय ओरडायचा तो? सांग."

पलीकडे लूम चालू होते. मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, पहिली ओळ म्हणायला लागलो.