सुंभाने बांधलेले पाय

माझ्या पायांची कथा सांगते. तोंडाची पुष्कळांनी सांगितली आहे, तोंडाळ, फटकळ, उलट्या काळजाची वगैरे वगैरे. पायांची कुणी विचारली नाही.

लहानपणापासून मला हे आहे. चालताना काही नाही, काम करताना काही नाही. दिवेलागणीला जरा टेकलं की पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू. ओहोटीला खाडीच्या चिखलात निवटे मासे उड्या मारतात ना, तसे ते आत उड्या मारतात. पाय हलवला की घटकाभर थांबतात, स्थिर ठेवला की पुन्हा आहेतच. कसाबसा डोळा लागला की पाय आपले आपण उडतात. मी झोपलेली, पाय जागे. सकाळी उठावं तर अंग असं दुखायचं, जणू रात्रभर कुणी कुटून काढलंय.

माझ्या आईने त्याचा कधी बाऊ केला नाही. ती आपला एक पाय माझ्या दोन्ही पायांवर आडवा टाकून झोपायची. तिचा पाय जड, दिवसभर शेतात राबलेला. त्या वजनाखाली माझे पाय धडपडायचे, मग दमायचे. "माज्या आयलापन होतं गो," ती म्हणायची, "मेली नाय ती त्यानं." झालं, एवढंच औषध.

पण आई काही आंदण देता येत नाही. माझं माहेर चौलच्या अलीकडचं आणि मला दिली उरणकडच्या खारपट्टीत, म्हणजे मचव्यात बसून खाडी ओलांडून, वाऱ्याच्या मर्जीने पोचायचं. रुसून माहेरी जाईन म्हटलं तरी भरती-ओहोटी बघावी लागायची. तेव्हा माझं वय बारा-तेरा असेल. सासरी भातशेती आणि मिठागर. मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची असते, नाहीतर पाणी आत मुरतं. मी तासन्‌तास तुडवायची. सासू खूश होती. "सून न्हाय, रेडा आनलाय," असं कौतुकाने सांगायची. मग एका रात्री मी तिच्या शेजारी झोपले आणि तिच्या कमरेत लाथ बसली, तिथे कौतुक संपलं.

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्या दुष्ट होती का? होती. लोक म्हणतात जुन्या बायका तशाच, त्यांनीही भोगलेलं असतं. भोगलेलं असेल. मला त्याचं काय? तिने भगत बोलावला. त्याने तांदूळ टाकून बघितलं आणि सांगितलं, खाडीत बुडालेल्या कुणाचा तरी जीव हिच्या पायांना धरून वर यायला बघतोय, डाग द्या. मग दोघींनी मला पालथी दाबून धरली, आत्याने आणि माझ्या थोरल्या जावेने. विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि पोटऱ्यांवर टेकवलं. मांस जळल्याचा वास येतो तो सुक्या मासळीसारखा नसतो, एवढंच सांगते. जखमा चिघळल्या, पाय सुजले आणि सुजलेले पाय रात्री उडायचे. भगत म्हणाला, जीव हट्टी आहे.

नवरा मुंबईला गोदीत हमाली करायचा. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. मी न्हातीधुती झाल्यावर त्याच्या अंथरुणावर गेले आणि व्हायचं तेच झालं. बायकोचा पाय नवऱ्याला लागणं हे केवढं पाप, आणि मी तर लाथा हाणत होते! पहिल्या रात्री त्याने मला हलवून उठवलं, दुसऱ्या रात्री थोबाडलं, तिसऱ्या रात्री वळकटी उचलून ओटीवर गेला. सकाळी चार माणसांत आईला म्हणाला, "तुजी गाढवीन तूच सांभाल." सगळे हसले. मला अजून राग येतो. माणूस बरा होता, दारू प्यायचा नाही, पण आईसमोर त्याच्या तोंडात दात नव्हते.

तरी पोटुशी राहिले. आणि मग पायांनी जो काय उच्छाद मांडला! सातव्या-आठव्या महिन्यात मी बसूनसुद्धा जेवू शकत नव्हते, ताट हातात घेऊन परसात फिरत जेवायची. शेजारणी म्हणायच्या, हिला पिसं लागलंय. मला वाटायचं, एकदा पोर कुशीत आलं की बघा, सगळं सोसेन. मला दुसरं काही नको होतं. त्या घरात माझं असं एक तरी माणूस हवं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला मुलगी झाली. नाळ कापून आत्याने तिला पुसली, गुंडाळली आणि सरळ जावेच्या मांडीवर दिली. "ही लाथ घालून मारील पोरीला. दूध पाजायला आनून देत जा, झोपायला न्हाय." जावेला मूलबाळ नव्हतं, लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. तिने पोर अशी छातीशी धरली की मला तिथेच कळलं, ही आता सुटायची नाही.

बाळंतिणीने भांडू नये म्हणतात. मी भांडले. रडले, शिव्या दिल्या, दूध आटेल म्हणून भीती घातली. आत्याचं एकच, तुझे पाय. शेवटी मीच म्हटलं, "मंग पाय बांधा माजे. बाजल्याला बांधा. पन पोर माज्याजवल निजूद्या."

आत्याने विचार केला आणि म्हणाली, बरं. दोन्ही घोट्यांना मिळून सुंभाचा वेढा, मग बाजल्याच्या खुराला गाठ. मी झोपायची वेळ झाली की ती बांधायची, उठायची वेळ झाली की सोडायची. घोट्यांची सालं निघाली. पण पोर माझ्या कुशीत होती. तिच्या टाळूचा वास घेत मी पडून राहायची आणि खाली पाय सुंभाशी झगडत असायचे. झगडा मेल्यांनो, म्हणायची मी. त्या दिवसांत मी सुखी होते.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजल्याखाली शेगडी ठेवतात. निखारे, वर ओवा, बाळंतशेपा. बाईचं अंग शेकून निघावं म्हणून. पावसाळ्यात तर निखारे विझू देतच नाहीत. शेगडी रीतीची, पाय बांधणं आमच्या घरचं. दोन्ही एकत्र झाल्यावर काय होईल याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

आषाढी अवसेचं उधाण होतं. भर दुपार, जेवणं झालेली, आत्याने मला बांधून नुकतंच निजवलं होतं. तेवढ्यात ओरडा आला, बांध फुटला! खाडीच्या भरतीला अडवायला आमच्या शेतांभोवती मातीचा बांध असतो. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची किती वर्षं भाताचा दाणा पिकत नाही. म्हणून गावचा नेम, बांध फुटला की घरातल्या सगळ्यांनी पाटी-फावडं घेऊन धावायचं, बाई असो, म्हातारी असो. ज्या घरचं कुणी मागे राहील ते घर वाळीत. फक्त बाळंतिणीला माफी.

जाऊ दाराशी थांबली. "आत्या, हिचं पाय सोडू काय?"

"ऱ्हाऊ दे. पोर निजलीय, ही लाथा झाडील. आत्ता येतो आपून."

जावेने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि गेली.

माझे पाय त्या दिवशी जास्तच उडत होते. उडता उडता लुगड्याचा सोगा बाजल्याच्या विणीतून खाली लोंबला असावा. मला आधी वास आला, मग धूर. उठून बघते तो पायथ्याच्या गोधडीला आग धरलेली. मी गाठीकडे झेपावले. रोजच्या ओढाताणीने गाठ अशी आवळली होती की नखं मोडली, ती हलेना. ओरडले. आयो, बाबा, देवा, सगळ्यांना हाका मारल्या. गाव बांधावर होता, एक कुत्रं तेवढं भुंकलं.

उशाशी सूप होतं, पाचवीच्या पूजेला काढलेलं, तसंच पडलेलं. मी पोर सुपात घातली, बाजल्यावरून जेवढं वाकता येईल तेवढी वाकले, सूप भुईवर टेकवलं आणि असेल नसेल ते बळ लावून ढकललं. सारवलेल्या जमिनीवरून ते सर्रकन गेलं आणि पलीकडच्या भिंतीला अडलं. पोर कळवळून रडली. रडते म्हणजे जिवंत आहे. मग मी पायांकडे बघितलं. पुढचं काय सांगू? सुंभ जळून तुटेपर्यंत पाय तिथेच होते. तुटल्यावर मी खाली पडले, गोधडीने आग दाबली आणि कोपरांवर सरपटत पोरीपाशी गेले.

सगळे आले ते चिखलाने माखलेले. आत्याने दारातून बघितलं. पहिला शब्द काय बोलली ठाऊक आहे? "बाजलं जाललंस गो!"

मग पोरीला उचलून तिने उलटीसुलटी पाहिली. कपाळाला भिंतीचं टेंगूळ आलं होतं, बाकी एक ओरखडा नाही. मी सांगितलं कसं झालं ते. सगळं खरं खरं सांगितलं, आणि तीच माझी चूक. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आईने पोटच्या पोरीला भुईवर ढकलून दिली. जिने बांधलं तिचं कुणी नाव काढलं नाही.

पायांना खोबरेल आणि चुन्याची निवळी लावून केळीची पानं गुंडाळली. तापात मी बडबडत होते. त्याच रात्री पानांखालचे पाय उडायला लागले. उडाले की कातडं फाटायचं आणि मी गुरासारखी हंबरायची. आत्या बघत उभी होती. म्हणाली, "सुंभ जलला, पन पील काय गेला न्हाय."

पोर जावेकडे गेली. गणपतीला नवरा आला, त्याने माझे पाय बघितले, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "आय म्हनते त्येच बरोबर हाय." दूध आटलं. पोर शेळीच्या दुधावर वाढली. तिला बोलता आलं तेव्हा तिने जावेला आय म्हटलं आणि मला काकी. मी तिला काकी म्हणूनच न्हाऊ घालायची, तेही जाऊ बांधावर गेली असली तर. एकाच घरात, एकाच चुलीवर, दहा वर्षं. नवरा माझ्या अंथरुणाकडे पुन्हा फिरकला नाही. मी मिठागर तुडवत राहिले. पुढे मिठावरून देशभर गडबड उडाली, लोक मूठभर मिठासाठी तुरुंगात गेले म्हणे. आमच्या घरात त्याची चर्चा व्हायची आणि मी मनात म्हणायची, माझ्या पोरीसाठी कुणी जातंय का बघा.

पोरीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. एका संध्याकाळी ती जोत्यावर बसली होती. बसल्या बसल्या पोटऱ्या चोळत होती. मग उठली, दोन येरझाऱ्या घातल्या, बसली, पुन्हा चोळायला लागली. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जावेने महिनाभर लपवलं. रात्री पोरीचे पाय चेपत बसायची, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पण म्हातारीच्या कानांतून काही सुटत नाही. एक दिवस सकाळी बघते तर आत्या चुलीपुढे बसलेली आणि विळ्याचं टोक निखाऱ्यात. पोर कोपऱ्यात थरथरतेय. जाऊ उठली, पोरीला दंडाला धरून फरफटत माझ्यापुढे आणून उभी केली.

"घे. तुजीच हाय. तुजंच रगत."

दहा वर्षांत एकदा तिने कबूल केलं, ते असं.

मी आधी चुलीपाशी गेले. लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घेतलं आणि ते पाय, सालपटलेले, गाठाळलेले, आत्याच्या नाकासमोर धरले. "बघ आत्या. तुजा इला झाला, तुजा सुंभ झाला, तुजा इस्तव झाला. गेलं काय? गप बसलं काय पाय? आता पोरीला हात लावलास तर तुज्याच पायांना डाग दीन, देवाशपथ सांगते." म्हातारीने विळा काढून बाजूला ठेवला.

त्या रात्री पोर माझ्याजवळ निजली. कुणी काही म्हणा, मला आनंद झाला होता. लेकीला माझा भोग लागला आणि मी मनातून नाचत होते. ज्या पायांनी ती गेली त्याच पायांनी ती परत आली होती. मी माझा पाय तिच्या दोन्ही पायांवर आडवा टाकला, आईसारखा. तिचे पाय खाली धडपडले, मग हळूहळू दमले. बरं वाटतंय का, विचारलं. हं म्हणाली.

मला वाटलं, झोपली. मग अंधारातच म्हणाली, "काकी, पाय बरं झालं की आय मला परत न्येल ना?"

"न्येल," मी म्हटलं. "नीज आता."