सरांनी नापास केलेलं निवेदन

आमच्या सरांइतका धोकादायक माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात दुसरा नाही, आणि हे मी अधिकारानं सांगते. मी तीनदा पोलिसांच्या गाडीत बसून आलेली मुलगी आहे. पत्रकं तर इतकी लिहिलीत, की कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला मला लांबून पाहिलं तरी न विचारता गुलाबी कागद काढतो. लाठीला मी भ्यायले नाही, मंत्र्याच्या ताफ्याला भ्यायले नाही, पण बी.ए.ला मराठी शिकवणारा, तासिका तत्त्वावर नेमलेला, मुकुंदवाडीहून सायकलवर येणारा हा माणूस चष्मा कपाळावर चढवून "कशावरून?" म्हणाला, की मी हातातलं पत्रक पाठीमागं लपवायचे.

सर रसग्रहण शिकवायचे. बाकी सगळ्या जगात हे काम सोपं आहे. गाईड उघडायचं, 'प्रस्तुत कविता अत्यंत हृदयस्पर्शी असून' इथून निघायचं आणि 'वाचकाच्या मनाला भिडते' इथं उतरायचं; कविता कोणतीही असो, वाट तीच. सरांकडं ही वाट बंद होती. सर सोयगावकडच्या शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातले, आणि समीक्षेचं शास्त्र त्यांना बापानं बाजारात शिकवलेलं. "विकणारा म्हणायचा, शेळी लई गुणाची हाय," सर सांगायचे. "आमचा बाप म्हणायचा, गुण राहू दे, आधी तोंड उघड तिचं. दात बघायचा, कास बघायचा, दहा पावलं चालवून बघायचा, मंग बोलायचा. आन् तुमी? कवितेचं तोंडबी उघडत नाय, डायरेक गुणाची म्हणून मोकळे!"

एकदा आमच्या फैजाननं वहीत 'हृदयस्पर्शी' लिहिलं. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं, मनगट धरलं आणि घड्याळ बघत ठोके मोजले. "बहात्तर. आता वाच कविता." फैजाननं वाचली, शेवटच्या ओळीला तर हुंदकाही काढला. सरांनी परत मोजले. "बहात्तर. हृदयाला कुणी हात लावल्याला नाय. खोड ते."

"सर, एखाद-दोन तो बढे होंगे," फैजान काकुळतीला आला.

"मंग 'दोन ठोके वाढवणारी कविता' असं लिही. ते पटंल मला."

हा छळ वर्गापुरता असता तर मी सोसला असता. पण सरांना छापलेलं काहीही दिसलं की त्याचं रसग्रहण केल्याशिवाय चैन पडत नसे. एसटीतली सूचना, औषधाच्या बाटलीवरचा कागद, हॉटेलातलं दरपत्रक, सगळं. माझ्या भावाच्या लग्नाला मी त्यांना पत्रिका दिली. त्यात खाली नेहमीसारखं, 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं! – चि. ओम' असं होतं. सर आले. नवरानवरीला न भेटता आधी ओमचा शोध घेतला. ओम आमच्या मोठ्या वहिनीच्या खांद्यावर झोपलेला सापडला. वय आठ महिने. सर बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले, मग मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "मोर्चावाले, तुमच्या पत्रिकेतला निवेदक भरवशाचा नाय." आणि जिलबीच्या पंगतीला जाऊन बसले.

आणि तो दोराचा तास! आम्हाला विहिरीवरची एक कविता होती. तिच्यात 'दोर ओला, हात कोरडे' अशी ओळ. गाईडात म्हटलं होतं, 'येथे कवीने विरोधाभास साधला आहे.' सर म्हणाले, "साधला आसंल. पर हात कोरडे कसे?" मग स्वतःच म्हणाले, "उद्या ओढून बघू." दुसऱ्या दिवशी फैजान त्याच्या मामूच्या दुकानातून दोर घेऊन आला. कॉलेजच्या मागं जुनी विहीर आहे, तिथं अख्खा वर्ग गेला. एकेकानं बादली ओढली. सगळ्यांचे हात ओले, माझी ओढणी ओली, फैजानचा मोबाईल विहिरीत. शिपाई धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी उडी मारली. मी तेवढ्यात ओरडले, "सर, हे शोषण आहे! कष्टकऱ्यांचं शोषण!" सर म्हणाले, "शोषण दुपारच्याला. आधी दोर."

तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलगी बोलली. गावाकडं रोज दोन वेळा पाणी शेंदून कॉलेजला येणारी, आणि अख्ख्या सत्रात एकदाही तोंड न उघडलेली. म्हणाली, "सर, हात कोरडे हायेत, म्हंजी ओढणारं दुसरंच कुणीतरी हाय. हा बोलणारा नुसता कडंला उभा राहून बघतोय."

कपाळावरचा चष्मा खाली ओढून सरांनी ती कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि मग आम्हीही वाचली. ती कविता कालची राहिली नव्हती. शोषण तिच्यात होतं हो, माझं बरोबरच होतं. पण ते कुठल्या ओळीत आहे ते तिनं दाखवलं.

परीक्षा झाली. आम्ही सगळ्यांनी विहीर, बादली, कडेला उभा असलेला माणूस, जे जे कळलं ते लिहिलं, आणि सगळे आपटलो. तपासणाऱ्याला 'हृदयस्पर्शी' हवं होतं. ते आमच्याकडं औषधालाही नव्हतं. निकाल बघून प्राचार्य म्हणाले, पुढच्या सत्रात हा पेपर दुसऱ्यांना देऊ. सोमवारी बैठक आहे, विद्यार्थ्यांचं काही म्हणणं असेल तर पाचच्या आत लेखी द्या. सरांना दुसरीकडं एकही तास नव्हता. इथले गेले की गाशा गुंडाळून सोयगाव.

आता हा माझा प्रांत! मी एका दमात निवेदन लिहिलं: 'ज्ञानसूर्याला लागलेलं ग्रहण सोडवा! हजारो विद्यार्थ्यांच्या दैवतावर कुऱ्हाड चालवणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो!' आणि माझी अक्कल गहाण पडलेली, म्हणून सोमवारी सकाळी ते सरांना दाखवायला गेले. सरांनी लाल पेन काढलं.

"सूर्य म्हणतीस. उजेड पडला कुणावर? कधी?"

"सर, ते अलंकारिक आहे."

"आन् हजारो कुठून आणलेस? वर्गात एकोणीस पोरं. त्यातली तीन माझ्यासमोर झोपत्यात. देवासमोर कुणी झोपतं व्हय?"

"कीर्तनात झोपते है ना पब्लिक, सर," फैजान मागून बोलला.

दहापैकी दोन गुण. दुसरा खर्डा बारा वाजता नेला; तीन. तिसऱ्यात मी कुऱ्हाड आणि व्यवस्था दोन्ही काढून 'सरांमुळे आम्ही घडलो' असं अगदी सात्त्विक लिहिलं, तर समासात प्रश्नचिन्ह: 'घडलो म्हणजे काय झालं?' तेव्हा माझा तोल सुटला. "सर, तुमचे तास जातायत! थोडं वाढवून लिहिलं तर काय बिघडतं?"

"वाढवल्यालं कापायला कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही!"

"मंग माझ्यापुरतं सोडून देऊ का?"

ज्याच्यासाठी आंदोलन त्यानंच निवेदन तीनदा नापास केल्याचं उदाहरण चळवळीत दुसरं असेल तर मला कळवावं. मी रागानं चौथा कागद घेतला आणि फक्त शेवटच्या बाकावरच्या मुलीबद्दल लिहिलं. ती सत्रभर गप्प होती. त्या दिवशी काय म्हणाली, तिच्यामुळं कविता कशी उघडली, आणि आता ती रोज हात वर करते. एवढंच. सरांनी ते वाचलं. लाल पेन बोटांत नुसतं फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "सहा. शेवट घाईत झालाय."

घाई कशाची, ते त्यांना मी काय सांगणार! मी धावत सुटले. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. प्राचार्यांनी कागद उभ्यानंच घेतला, दोनदा वाचला. "हे चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले, "पण बैठक झाली, बाळा."

नवे सर आले. चांगले आहेत, नोट्स देतात, आम्ही उतरवतो. यंदाच्या निकालात आमचा वर्ग कॉलेजात पहिला आला, पेढे वाटले, आणि मला रसग्रहणाला पंचाहत्तर पडले. संध्याकाळी सोयगावहून सरांचा फोन आला. त्यांना बातमी लागली होती.

"पंचाहत्तर! लई भारी. काय लिव्हलंस गं?"

मी सांगायला तोंड उघडलं. कविता कोणती होती ते आठवलं. पुढं काही आठवेना. मी लिहिलेल्या चार पानांतली एक ओळसुद्धा नाही.

सर हळूच म्हणाले, "बरं, राहू दे. जेवलीस का?"