टाळी न वाजवणाऱ्या वन्सं

माझ्या मोठ्या वन्संनी उभ्या आयुष्यात कुणासाठी टाळी वाजवली नव्हती, हे मी देवाशपथ सांगते. त्या 'कुणासाठी'त देवही आला. गणपतीच्या आरतीला सगळं घर टाळ्या कुटत असताना या बाई हात मागे बांधून उभ्या, जणू सोसायटीची पाण्याची टाकी तपासायला आल्यात. "हिका देवासाठी टाळी वाजवूक पण लाज वाटता," सासूबाई दरवर्षी पुटपुटायच्या. माझ्या लग्नात मी लांबलचक उखाणा घेतला, हॉल दणाणला, आणि वन्सं शांतपणे पंख्याकडे बघत होत्या. तो घाव मी नीट जपून ठेवला होता. मरोळच्या एका औषधांच्या लॅबमध्ये त्या संशोधक. त्यामुळे 'शिकली आणि फुकट गेली' असा निकाल घराने कधीच लावून टाकला होता. रिक्षात बसायच्या नाहीत. भर उन्हात छत्री घेऊन अंधेरीला आमच्याकडे चालत यायच्या. राहायला आल्या की अंघोळीनंतर अंग पुसायच्या नाहीत, नुसतं टिपायच्या, आणि बाहेर आम्ही ताटकळत उभे.

आमची मनू शाळेतून रिक्षाने घरी आली की तिच्या अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. आधी अंडी बंद झाली, मग शेंगदाणे, शेवटी मासे. मालवणी घरात पोरीच्या ताटातला बांगडा उचलायचा म्हणजे काय, ते सासूबाईंच्या डोळ्यांना विचारा. मनू वाळत चालली, गांधी मात्र जशाच्या तशा.

एका रविवारी मी मिक्सरवर वाटण लावलं होतं. वन्सं आल्या, मनूचे हात उलटसुलट बघितले, तिला ओट्याशी आणलं आणि तिचा हात चालू मिक्सरच्या अंगावर दाबून धरला. मी किंचाळले.

"ताई, वेड लागलंय का तुम्हाला?"

"थांब गं, झाकण घट्ट आहे," म्हणत त्यांनी स्वतःचाही हात शेजारी टेकवला.

थोड्या वेळाने दोघींनी हात काढले. दोन्हींवर त्याच लाल गांधी! गंमत म्हणून नवऱ्याने हात लावला, तर तोही लाल. हा माणूस बाइकवरून आला की हात खाजवत साबणाला शिव्या घालायचा आणि मी मुकाट साबण बदलायचे!

"पेशीवर एक लांब हात असतो," वन्सं म्हणाल्या, "आजूबाजूला धरून बसलेला. खेचलं, हलवलं की आत निरोप जातो. अ‍ॅड्हीजन जीपीसीआर म्हणतात त्याला. आपल्या घरात तो हात सैल शिवलाय. जरा थरथरला, घासला की सुटतो आणि आत नुसती बोंबाबोंब. माझी तपासणी झालीय, मनूची करून घेऊ. मासे बिचारे निर्दोष आहेत."

"मग औषध?"

"नेमकं या हातावरचं अजून नाही ना. त्यासाठीच तर लॅबमध्ये बसलेय. तोवर रिक्षा टाळा."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"लहानपणी बोलले होते. आई म्हणाली, कोणाक सांगा नको, लग्न जमाचा नाय. मग तीच विसरली."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या. फ्रीजमधून बांगडे काढले आणि तवा चढवला.

परवा मनूने शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाणं म्हटलं. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी माझ्या शेजारी कुणीतरी वाजवतच होतं, ठेका चुकवत, सवय नसल्यासारखं. बघते तर वन्सं! तळवे लालबुंद, सुजलेले.

"ताई, अहो पुरे!" मी त्यांचे हात धरले.

"सोड गं. तासाभरात उतरतं."

मला रडूच आलं. आम्ही चालतच घरी निघालो. वन्सं तळवे उघडे धरून चालत होत्या आणि मनू वाटभर त्यांवर फुंकर घालत होती.