काकांच्या अंगठ्याखालचं चाक

बोईसरच्या आमच्या स्टुडिओत दुपारी लाइट गेली आणि चहा आला, की कोणीतरी हरेश्वरकाकांचा किस्सा काढतंच. एकाचा सांगून होत नाही तोवर दुसऱ्याच्या तोंडात पुढचा तयार! काका आमचे सगळ्यांत जुने फोटोग्राफर. काचबिंदूनं त्यांची नजर चालली आहे आणि गेलेली परत यायची नाही. स्टुडिओचे मालक, आमचे शेठ, म्हणाले होते, हा लग्नाचा सीझन झाला की कॅमेरा खाली ठेवा. काका ‘बरं’ म्हणाले. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

आता कॅमेऱ्याची एक खोड सांगते. समोर पांढरं फार असलं की तो बिचकून फोटो काळवंडतो, काळं असलं की उगाच उजळतो. त्याला वठणीवर आणायला वर प्लस-मायनसचं चाक असतं: प्लसनं फोटो उजळतो, मायनसनं काळवंडतो, आणि दर घराला ‘टिक’ वाजतं. आम्ही फोटो काढतो, स्क्रीन बघतो, चाक फिरवतो, परत काढतो. काका आधी चाक फिरवतात, मग एकदाच काढतात. स्क्रीन बघतच नाहीत!

*

शिरगावच्या किनाऱ्यावर आमच्या नितेशनं एका जोडप्याचे फोटो काढले. मागे समुद्र असा चमकत होता की दोघांच्या नुसत्या सावल्या आल्या. नवरदेव म्हणाला, ‘यात मी कुठचा?’

काका सावलीत शहाळं पीत बसले होते. तिथूनच म्हणाले, ‘प्लस पाच टिक.’ नितेशनं फिरवलं. नवरीच्या नाकातली चमकीसुद्धा दिसली.

*

एका पाड्यावर वारली लग्न होतं. झोपडीत अंधार, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहिलेला लग्नाचा चौक, देवीचं चौकोनी चित्र. अंधार बघून नितेशनं प्लस केलं आणि चौकाचा नुसता पांढरा डाग झाला. चौक लिहिणारी म्हातारी स्क्रीनकडे बघत राहिली.

‘मी दिसभर बसून लिवला, तुज्या मशीननं पुसला.’

नितेश शरमेनं लाल. काकांनी कॅमेरा घेतला, मायनस चार टिक, एक फोटो. म्हातारी स्क्रीनवर बोट फिरवत एकेक रेघ बघत गेली. एका ठिकाणी थांबून हसली. तिथं तिच्या हाताला कंप सुटला होता, तोही आला होता.

*

कारखान्यातला एक कामगार पासपोर्ट फोटोला आला. म्हणाला, ‘भैया, थोड़ा गोरा कर दो.’

काका म्हणाले, ‘गोरा नहीं. जैसा है, वैसा.’ मागचा पडदा पांढरा म्हणून त्यांनी दोन टिक वाढवले, बस्स. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, ‘मैं तो माँ जैसा दिखता हूँ.’

*

आणि हा माझ्या डोळ्यांदेखतचा. आमच्या इकडच्या माहीमच्या वाडीत काकांच्या नातीचं लग्न. काकांचं हे शेवटचं काम. शेठनी त्यांना कॅमेरा दिला, पण दुसरा गुपचूप माझ्याकडेही दिला. म्हणाले, काकांचे बिघडले तर तुझे तरी असू देत. मला ते फार लागलं, पण घेतला.

भर दुपार. काकांना चाकावरचे आकडे दिसत नव्हते. हळूच मला विचारलं, ‘मागं काय हाय?’

मी म्हटलं, पांढरा पडदा, त्यावर कडक ऊन. काकांनी अंगठ्यानं प्लसचे चार टिक मोजले, मीही माझे चार लावले. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली. तेवढ्यात काकांनी दोन टिक मागे घेतले.

‘काका, ऊन आहे अजून!’

‘जाईल आता.’

अंतरपाट खाली आला आणि त्याच क्षणी पडद्यावरचं ऊन गेलं. वर एवढासा ढग. मी माझं चाक फिरवेपर्यंत हार गळ्यात पडूनही गेले होते.

संध्याकाळी शेठनी दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो कॉम्प्युटरवर लावले. माझ्या फोटोत नवरी फिकी पडली होती. काकांच्या फोटोत तिच्या पापणीवरचं पाणी दिसत होतं. शेठनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं.

मग मला म्हणाले, ‘परवा वैतरण्याला लग्न आहे. तू कॅमेरा नको आणूस. काकांशेजारी उभी राहा, आणि मागे काय आहे ते सांगत जा.’