पॉवरहाऊसचा गरम हौद

चार माणसं रोज एका जागी चहा प्यायली की किस्से आपोआप साठतात. आम्ही तर इंजिनाच्या उबेला बसून प्यायचो, मग काय विचारता! स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. कोल्हापुरातल्या आमच्या पॉवरहाऊसमध्ये डिझेल इंजिनावर वीज व्हायची. इंजिन गार ठेवणारं पाणी तापून बाहेरच्या हौदात पडायचं आणि आख्खी गल्ली घागरी भरून न्यायची. सकाळी त्या वाफेत माणसं दिसायची नाहीत, नुसत्या बांगड्या वाजायच्या. मला ते फार आवडायचं.

*

इंजिनाच्या घरघरीवर गल्लीतली तान्ही पोरं झोपायची. एकदा दुपारी इंजिन बंद पडलं, तर घरोघरच्या पोरांनी एकदम भोकाड पसरलं! आमचे दत्तू मिस्त्री पाना घेऊन धावले. मागून एका बाईचा आवाज आला, "मिस्त्री, इंजिन कशाला निजवलंसा? पोरगं निजवायचं हुतं की!"

*

उचगावच्या एका पाहुण्यांनी हौदात हात घातला आणि चटकन चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन हजर! "जागृत जागा हाय. जमिनीतनं ऊन पाणी येतंय."

मिस्त्री म्हणाले, "पावणं, देव न्हाय, डिझेल हाय त्ये!"

पाहुण्यांनी शांतपणे नारळ फोडला. "असू द्या. ऊब देतंय न्हवं?"

आम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

*

थंडीत दही लागायचं नाही, म्हणून बायका विरजणाची भांडी इंजिनघराच्या भिंतीशी ठेवून जायच्या. नवे इंजिनियरसाहेब शिस्तीचे. "हे काय आहे?" साहेबांनी झाकण उचललं, भांडं जरा कलतं केलं. "अजून तासभर राहू दे," म्हणाले आणि निघून गेले!

*

पण याच साहेबांचा एक नियम होता. दुपारी विजेचा वापर, म्हणजे लोड, घटून मीटरचा काटा लाल खुणेखाली आला, की इंजिन बंद! तेल जपायचं होतं, त्यांचंही चूक नव्हतं.

त्या आषाढात गल्लीतल्या आक्कांच्या लेकीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. ओंजळीएवढी. डॉक्टर म्हणाले, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा, गार पडू देऊ नका. पावसात लाकडं ओली, चूल पेटेना. आक्का दिवसभर हौदावर बाटल्या भरायच्या.

एका दुपारी काटा उतरू लागला. आक्का दारात. "सायेब, पोर गार पडंल वो."

"आक्का, नियम आहे. एवढ्याशा विजेसाठी इंजिन कसं चालवू?" साहेबांनी नजर काट्यावरच ठेवली.

आक्का पावसातच गल्लीकडे धावल्या. मिस्त्रींनी इंजिन बंद करायच्या चाकावर हात ठेवला. काटा खुणेला टेकला, थांबला. मग वर चढला! चढतच गेला!

आम्ही खिडकीशी धावलो. भर दुपारी, पावसात, गल्लीतला दिवा न् दिवा पेटलेला. पिठाची गिरणी रिकामीच फिरत होती. आणि गल्लीच्या टोकाला खुद्द साहेबांचा बंगला, व्हरांड्यापासून न्हाणीघरापर्यंत लख्ख!

साहेबांनी चष्मा पुसला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "लोड फार आहे. इंजिन चालू ठेवा!"