पांढरीच चादर

"काजूवाल्या बायकांनी शेवटी थांबायचं. तुमच्यासाठी पेपर टाकायचेत."

हे माइकवरून सांगितलं गेलं. लांज्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, बायकांच्या मोफत तपासणी शिबिरात.

हॉलच्या कोपऱ्यात साड्या बांधून आडोसा केला होता. आत लोखंडी खाट, तिच्यावर पांढरी चादर. बागायतदारांच्या बायका आत गेल्या. शिक्षिका गेल्या. बाजारातल्या दुकानदारांच्या सुना गेल्या. त्या चादरीवर निजल्या, उठल्या, बाहेर आल्या. आमची पाळी आली तेव्हा कुणीतरी चादर काढली, तिची नीट घडी घातली आणि खाटेवर जुने पेपर पसरले.

आम्ही म्हणजे काजूच्या फॅक्टरीतल्या बायका. दिवसभर बिया फोडायच्या. टरफलातला चीक हाताला लागतो. कातडी भाजते, सोलवटते, मग काळी पडते. राख चोळा, खोबरेल लावा, साबणाची वडी संपवा, काळेपणा जात नाही. त्या दिवशी आम्ही हात दगडाने घासून आलो होतो. ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत अबोलीचे वळेसर माळून. कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारख्या.

शिबिर भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई माइक घेऊन उभ्या होत्या. मोठ्या घरच्या. बोलणं गोड. रागाने बोलल्या असत्या तर मी उलट बोलले असते. पण त्या हसून म्हणाल्या, "राग मानू नका हं. डाग पडले की चादरी फुकट जातात."

हॉलमधल्या बायका हसल्या. आमच्यातल्याही दोघी-चौघी हसल्या. ते मला जास्त लागलं.

मी पोलकं काढून त्या पेपरांवर निजले. कागद वाजत होता. जरा हललं की बाहेरच्यांना कळायचं, काजूवाली आत आहे. डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं, मी काय सांगितलं, काही आठवत नाही. फक्त तो आवाज आठवतो.

माझ्यामागे पारूआते होती. सख्खी आते नव्हे, आमच्या बौद्धवाडीतली. फॅक्टरीत माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि तरी अंगावरून रक्त जात होतं. ते तिने फक्त माझ्या कानात सांगितलं होतं. मुलगा मुंबईला, त्याला कसं सांगणार? सुनेला कसं सांगणार? मीच तिला हाताला धरून शिबिराला आणली होती.

पारूआते आडोशाच्या आत गेली आणि लगेच बाहेर आली. पदर डोक्यावरून घेतला.

"मासली गुंडालतात तशी पेपरात नाय निजायची मी," ती म्हणाली. "चल गो, घरला."

माइकवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, फुकट आहे ना?"

आते थांबली नाही. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर पोलकं बदलताना माझी पाठ बघून मात्र म्हणाली, "काय गो ह्या?" घामाने पेपरची शाई पाठीवर उतरली होती. मी आरशात पाहिलं. मुंबईतल्या कुठल्याशा फ्लॅटची जाहिरात. सगळ्या सुखसोयींनी युक्त. अक्षरं आरशात सरळ दिसत होती, मला वाचता आली. मी दहावी पास होते. आतेने विहिरीवर माझी पाठ घासून दिली. तिच्या काळ्या हातांनी.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. तपासणारीच आमच्यातली असती तर?

माझा नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला होता. मूलबाळ नाही. मी माहेरी, भावाच्या पडवीत राहत होते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी करायची म्हटल्यावर दादा म्हणाला, "ह्या वयात शाळा? लोक शेण घालतील माझ्या तोंडात." वहिनी दुसऱ्या दिवसापासून पडवीतला दिवा लवकर मालवायला लागली. मी फॅक्टरीतल्या जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. पुस्तकांची पानं काळी व्हायची. पारूआते तेवढी विचारायची, "कुटपर्यंत आलं गो?" मी सांगायचे. तिला काही कळायचं नाही, पण ती मान हलवायची. मी तिला म्हणायचे, सरकारी दवाखान्यात तरी चल. ती म्हणायची, "तू शीक. मग तूच बघ मला." मी चिडायचे, ती हसायची.

बारावी झाली. नर्सिंगला प्रवेश मिळाला, रत्नागिरीत. मांडवीच्या बाजूला एका घराची मागची खोली घेतली. खोलीला खिडकी नव्हती. समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. वर्गातल्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या. मला मावशी म्हणायच्या. डबा खाताना गोल करून बसायच्या, मी भिंतीशी बसायचे. त्या वाईट नव्हत्या. त्यांना माझ्याशी काय बोलावं हेच सुचत नव्हतं, आणि मलाही.

फॅक्टरी सुटल्यावर हातांचा काळेपणा हळूहळू निवळला, पण भेगा आणि चट्टे राहिले. प्रात्यक्षिकाला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा माझा हात धरून सगळ्या वर्गाला दाखवला. "अशा हातांनी पेशंटला शिवायचं नसतं. पेशंट घाबरतो." मी हात सोडवून घेतला आणि खिशात घातला. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेले. भेळवाले, फोटो काढणारी पोरं, लेकरांना घेऊन आलेल्या बायका. एवढ्या गर्दीत मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी पाण्याकडे पाठ करून बसले आणि पोटभर रडले.

ज्या महिन्यात वर्गात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धडा झाला, त्याच महिन्यात दादाचा फोन आला. पारूआते गेली. धड्यात लिहिलं होतं की पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच तपासावं. लवकर सापडलं तर बाई वाचते. वाचते, असं साध्या शब्दांत लिहिलं होतं. त्या ओळीखाली मी रेघ मारली नाही. पुस्तक मिटून ठेवलं. मी वाडीत पोचेपर्यंत आतेला नेली होती. तिची सून सुरेखा म्हणाली, "तपासायला घाबरायची ती. म्हनून ह्या झाला."

घाबरायची. पारूआते. मला किंचाळून सांगावंसं वाटलं. पण घरात सुतक, मुंबईहून आलेला मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. मी न सांगताच उंबऱ्याबाहेर आले.

शिक्षण संपलं. हॉस्पिटलमध्ये नोकरी केली. बायकांची तपासणी कशी करायची याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. गाठ कशी चाचपायची, गर्भाशयाच्या तोंडाला औषध लावून पांढरे चट्टे कसे पाहायचे. गाडी चालवायला शिकले. मग कर्ज काढून एक जुनी रुग्णवाहिका घेतली. आत खाट, पडदा, दिवा, हात धुवायला नळ. रत्नागिरीतल्या एक डॉक्टरीणबाई संशयित बायकांना पुढे तपासायला तयार झाल्या. मी फी घ्यायची ठरवली. थोडी, पण घ्यायचीच. फुकट म्हटलं की पेपर येतो, हे मी शिकले होते.

गाडी घेऊन गावोगाव फिरले. कोणी येईना. गाडीत चढणारी बाई सगळ्या गावाला दिसते. हिला काहीतरी झालंय, असं बोललं जातं. "मुंबयला इचारून सांगते," बायका म्हणायच्या. मुंबईच्या नवऱ्यांकडून काही निरोप यायचा नाही. एका गावात गाडी कुठल्या वाडीत लावायची यावरून कुजबुज झाली, आणि माझं आडनाव कळल्यावर कुजबुजही थांबली. मी दिवसभर गाडीत एकटी बसायचे. चादर सरळ करायचे, परत सरळ करायचे.

तेव्हा त्याच अध्यक्षबाईंचा फोन आला. त्यांच्या मंडळाला एका काजू फॅक्टरीत शिबिर घ्यायचं होतं, गाडी माझी हवी होती. फॅक्टरी तीच, जिथे मी बिया फोडल्या होत्या. मी हो म्हटलं. मला बायका हव्या होत्या.

बाईंनी मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं त्यांनी मला पाहिलंच कधी होतं? मी अंगणात गाडी लावली, खाटेवर पांढरी चादर घातली. बायका मशीनवरून उठून रांगेत उभ्या राहिल्या. बाई गाडीत डोकावल्या.

"सिस्टर, चादर काढा. ह्यांच्यासाठी पेपर आणलेत मी."

"पेपर नकोत."

"डाग जात नाहीत हो. मला अनुभव आहे."

"मलाही आहे," मी म्हटलं. "मी तुमच्या पेपरावर निजलेय. लांज्याच्या शाळेत. तुम्ही माइकवर होतात."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे, मग हातांकडे.

"मग? तपासणी झाली ना तेव्हा तुमची? फुकट?"

मी तो पेपरांचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "घरी न्या," मी म्हटलं. "तुमच्या गादीवर घाला."

मला वाटलं होतं, रांगेतली एखादी तरी पुढे येईल. माझ्या शेजारी बसून बिया फोडलेल्या बायका होत्या त्या. त्यांनी माना खाली घातल्या आणि एकेक करून मशीनवर परत गेल्या. फॅक्टरीच्या शेठच्या माणसाने फाटक उघडून धरलं. "बाहेर घ्या गाडी. परत आत आणायची नाय." मी गाडी मागे घेतली. इतकी एकटी मी मांडवीच्या खोलीतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली. रस्ता सरकारी आहे. कामावर येताना बायका माझ्यासमोरून गेल्या, सुटल्यावर गेल्या. कोणी वर पाहिलं नाही. मी रोज तिथेच लावत राहिले. शेठची गाडी जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायची.

एका संध्याकाळी, सगळ्या गेल्यावर, एक बाई रस्ता ओलांडून आली. सुरेखा. पारूआतेची सून. आता तीही त्याच फॅक्टरीत होती. गाडीत चढली, पडदा ओढला आणि पिशवीतून घडी घातलेला पेपर काढला.

"ताई, मी आनलाय हां पेपर. तुमची चादर नको खराब व्हायला."

माझं डोकं फिरलं. कितीतरी दिवसांनी आलेली ती एकच बाई होती आणि मी तिला म्हटलं, "उतर खाली."

"काय झाला?"

"पेपर घेऊन माझ्या गाडीत कुणी चढायचं नाही. उतर."

ती उतरली. रस्त्यावर उभी राहिली, पेपर छातीशी धरून. मग मी सांगितलं. तुझी सासू घाबरली नव्हती. ती तपासायला आली होती. हा पेपर बघून परत गेली. मासळीसारखी पेपरात निजणार नाही म्हणाली. मी होते तिथे.

सुरेखा एक पाऊल मागे सरकली. मला वाटलं, गेली. आता ही पण गेली. तिने पेपराकडे पाहिलं, मग तो चुरगाळून गटारात टाकला आणि परत वर चढली. खाटेवर निजली, पण दोन्ही हात वर, हवेत धरून. चादरीला लागू नयेत म्हणून.

"हात खाली ठेव."

"काळं होईल."

"होऊ दे. ठेव."

तिने ठेवले. मी तपासलं. एक जागा मला बरी वाटली नाही. तसं तिला स्पष्ट सांगितलं. रत्नागिरीला न्यायचं ठरलं, मीच नेणार. तिचा नवरा मुंबईहून काय म्हणेल हा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. उतरताना म्हणाली, "आनखी हायत बायका. पन त्या पेपर घेऊनच येतील."

ती गेल्यावर मी चादर काढली. दोन पंजे उमटले होते. नळाखाली घासली, साबण लावला, परत घासली. अध्यक्षबाई खरं बोलत होत्या. डाग जात नाहीत.

मी गाडीच्या मागच्या दारापासून समोरच्या झाडाला दोरी बांधली आणि ती चादर तिथेच वाळत घातली, फाटकाच्या तोंडासमोर. शेठला दिसेल अशी. मंडळाची गाडी त्या रस्त्याने गेली तर त्यांनाही दिसेल. चादर तिथे रोज वाळणार आहे. पेपर घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी खाली उतरवणार आहे, मग दिवसभरात एकही आली नाही तरी चालेल. आणि खाटेवर चादर घालायची, ती पांढरीच.