अण्णांच्या चपला आणि माझा डिस्क ब्रेक

मी गाड्यांचे डिस्क ब्रेक डिझाइन करतो. माझ्या सासऱ्यांच्या मते हा व्यवसाय नसून जडलेली सवय आहे.

"म्हणजे नक्की करता काय आपण?" अण्णा (हेच ते सासरे, मुक्काम नारायण पेठ) दर दिवाळीला विचारतात.

"गाडी थांबवतो."

"चौकातला हवालदार नुसत्या शिट्टीवर थांबवतो!"

पंधरा वर्षं हेच! त्यामुळे मी स्वतः आखलेला डिस्क ब्रेक लागलेली स्कूटर बाजारात आली, तेव्हा दसऱ्याला ती थेट अण्णांच्या दारात नेली. ते चक्क मागे बसायला तयार झाले. आज त्यांच्या तोंडून एक 'वा!' काढायचाच, असा मी चंग बांधला.

आधी पूजा. बायकोने, म्हणजे मेधाने, हँडलला झेंडूचा हार घातला आणि पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढायला घेतलं.

"तिथे नको, डिस्कवर काढ! आपलं घर त्या चकतीवर चालतं."

"अरे, कोरडं कुंकू टिकत नाहीये तिच्यावर."

"मग तेलात कालव की!"

हे मी म्हणालो. (डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये, अशी पाटी ऑफिसात मीच लावली आहे!) भक्ती इतकी दाटून आली होती की चाक फिरवून मी डिस्कच्या दोन्ही बाजूंना चांगली ठसठशीत स्वस्तिकं काढली.

गल्लीत एक चक्कर मारून परतताना मी व्याख्यान सुरू केलं. "अण्णा, लिव्हर दाबला की पिस्टन पुढे येतो, दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला चिमटीत धरतात. डिस्कला भोकं आहेत ना, ती उष्णता निघून जायला..."

"थांबवून दाखवा."

"फक्त पुढचा ब्रेक दाबतो. मागच्याला हातसुद्धा लावणार नाही!"

मी ऐटीत लिव्हर दाबला.

"दाबलात का?"

"दाबलाय."

"आपलं घर गेलं, सुहासराव."

"हो, दिसलं."

"वाणीही गेला."

समोर झेंडूचा ढीग आणि त्यामागे फुलवाली! डाव्या हाताशी मागचा ब्रेक शाबूत होता, पण तो आठवायला डोकं जागेवर हवं ना! एवढ्यात मागून 'कर्रर्र' असा आवाज आला आणि स्कूटर पुढचं चाक झेंडूत खुपसून थांबली.

"काका, हार हवा तर उतरून या की!" फुलवाली ओरडली.

मी वळून पाहिलं. अण्णांनी दोन्ही पाय रस्त्याला टेकले होते. एका कोल्हापुरी चपलेचा तळ मागे राहिला होता. ते शांतपणे उतरले, तुटकी चप्पल हातात घेतली, डिस्कवरून बोट फिरवलं, हुंगलं.

"गोडंतेल?"

मी मान खाली घातली.

"पॅड कशाचे करता?"

"बरीच मिश्रणं असतात, अण्णा."

"चामडं बघा एकदा. आत्ताच चाचणी झाली." मग हातातल्या चपलेकडे प्रेमाने पाहून ते म्हणाले, "वा!"

अख्खी गल्ली हसली. मेधा तर पायरीवरच बसली, आणि खरं सांगतो, मलाही हसू आवरेना.

पॅड बदलले, डिस्क धुऊन लख्ख केली. ब्रेक आता झकास लागतो. तरी गाडी काढली की अण्णा म्हणतात, "थांबा, जुन्या चपला घालून येतो." आणि त्या घालून ते मागे बसल्याशिवाय मीही स्कूटर सुरू करत नाही!